तिसऱ्या कार्बुरेटरचा वरचा नट

गेल्या वर्षी घाटाच्या शर्यतीत आमच्या गाडीचे पाच आणि सहा नंबरचे पिस्टन जळाले आणि त्याचं खापर माझ्या डोक्यावर फुटलं.

बाबा म्हणाले, पिस्टनच्या रिंगांची फट कमी ठेवलीस. मी म्हणाले, दोनदा मोजली होती. ते म्हणाले, मोजून इंजिन बांधता येत नाही. मी म्हणाले, फट कमी असती तर सिलिंडरला ओरखडे पडले असते. इथे पिस्टनच्या डोक्याला भोकं पडली आहेत, म्हणजे हवा जास्त गेली आणि पेट्रोल कमी पडलं. यावर ते चष्मा पुसत बसले. आमच्या घरात याचा अर्थ विषय संपला. त्या दिवसापासून इंजिन माझ्याकडून काढून घेतलं आणि चाकं आणि ब्रेक माझ्याकडे आले. पंचवीस वर्षं स्वयंपाक केलेल्या बाईला एकदम भांडी घासायला बसवावं, तशी माझी गत झाली.

गाडी माझ्यापेक्षा तीस वर्षांनी मोठी. दोन माणसांची, उघडी, सहा सिलिंडर, तीन कार्बुरेटर. दर दोन सिलिंडरना एक. ती ज्या काळातली आहे, त्या काळी शर्यती साध्या रस्त्यांवर व्हायच्या. एक दिवस रस्ता बंद करायचा, कडेला गवताचे भारे रचायचे आणि सुटायचं. म्हणून तिला दिवे आहेत, भोंगा आहे, मागे जादा चाक आहे. नुसत्या ट्रॅकवर पळणाऱ्या गाड्या लाडावलेल्या असतात, त्यांना खड्डा म्हणजे काय ते ठाऊक नसतं. हिला सगळं ठाऊक आहे. अंगावरचा पत्रा अ‍ॅल्युमिनियमचा, हाताने ठोकून घडवलेला आणि इतका पातळ की जोरात रेलून उभं राहिलं तर पोचा येतो. वजन वाचावं म्हणून पेडललासुद्धा भोकं पाडलेली. अ‍ॅक्सिलरेटर मध्ये आणि ब्रेक उजवीकडे, त्यामुळे ही गाडी चोरणारा पहिल्याच वळणावर भिंतीत जाईल, अशी आमची खात्री आहे.

मला ती का आवडते, असं लोक विचारतात. तिच्यात झाकून ठेवलेलं काही नाही म्हणून. कुठलाही भाग बघितला की तो काय काम करतो ते कळतं, आणि काम नीट करत नसला तर तेही कळतं. माणसांच्या बाबतीत इतकी सोय नसते.

आई तिला थोरली म्हणते, कारण बाबांनी ती लग्नाच्या आधी घरात आणली. एक सांगाडा आणि चार पोती सुटे भाग. 'थोरलीचं आटपलं असेल तर जेवायला या,' असं ती गॅरेजच्या दारात येऊन सांगते. बाबांना मात्र सगळे मास्तर म्हणतात, आणि ते त्यांच्या कानामुळे.

तीन कार्बुरेटर सारखी हवा ओढायला लागले तरच इंजिन एका लयीत चालतं. बाकीच्यांकडे त्यासाठी काट्याची यंत्रं आहेत. बाबांकडे हातभर रबरी नळी आहे. एक टोक उजव्या कानात, दुसरं कार्बुरेटरच्या तोंडाशी, आणि आत जाणाऱ्या हवेचा आवाज ऐकायचा. आमच्या तिसऱ्या कार्बुरेटरचं एक दुखणं आहे. तो जिथे इंजिनाला जोडला जातो, तिथली पट्टी किंचित वाकलेली आहे. खालचा आणि वरचा नट सारखाच आवळला तर सांध्यातून चोरून हवा आत शिरते आणि बारीक शीळ वाजते. वरचा नट थोडा जास्त पिळावा लागतो. किती, ते सांध्यात घातलेल्या पॅकिंगवर अवलंबून, म्हणजे दर वेळी वेगळं. मी सतरा वर्षांची असताना बाबांनीच मला नळी सांध्याशी धरायला लावून शिकवलं होतं, 'शीळ थांबली की हात थांबव.' ती चोरटी हवा राहिली तर घाटात, पूर्ण जोर लावलेला असताना, पाच आणि सहा नंबरला पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन वितळतो.

आणखी एक रिवाज आहे, त्याचं नाव शेवटचा हात. शर्यतीच्या रांगेत, इंजिन तापल्यावर, बाबा स्वतः तिन्ही कार्बुरेटरचे नट सैल करतात, नव्याने आवळतात, नळीने ऐकतात आणि बॉनेटचा चामडी पट्टा घट्ट बांधतात. त्यानंतर पट्ट्याला कुणी हात लावायचा नाही. दादा पन्नाशीचा आहे, गेली अकरा वर्षं गाडी तोच चालवतो, पण तोही लावत नाही.

यंदा शर्यत रविवारी होती. शुक्रवारी सकाळी चाचणीसाठी बाबांनी गॅरेजमध्येच शेवटचा हात फिरवला. मी दोन हातांवर ब्रेकचा ड्रम घेऊन बसले होते. त्यांनी नळी तिसऱ्याच्या सांध्याशी नेली, डोळे मिटले आणि म्हणाले, "झक्कास."

मला मात्र बसल्या जागी शीळ ऐकू येत होती. नळीशिवाय.

आधी वाटलं, थट्टा करताहेत. मग एकेक आठवायला लागलं. फोन ते हल्ली डाव्या कानाला लावतात. टेबलाशी आई डाव्या बाजूला बसते. दादाच्या आधी बावीस वर्षं गाडी त्यांनी चालवली. चालकाची जागा उजवीकडे, आणि उघडा एक्झॉस्ट बरोबर उजव्या कोपराखाली. दादा कानात बोळे घालतो तेव्हा हेच हसायचे, "बोळे घालून इंजिन कसं ऐकणार रे?"

म्हणजे गेल्या वर्षीही हीच शीळ वाजत होती, रांगेच्या गोंगाटात मला ती कळली नव्हती, आणि त्यांनी 'झक्कास' म्हणून पट्टा बांधला होता. मला इतका संताप आला की ड्रम खाली ठेवावा लागला. खोटं कशाला बोलू, मनात आलं, जळू दे पुन्हा. मग विचारते, आता कुणी मोजलं होतं? अर्धा मिनिट मी त्या विचारात खूश होते. मग दादा हेल्मेट घेऊन आला आणि खुशी उतरली. भर वेगात पिस्टन अडकला तर मागची चाकं जाम होतात, आणि वरच्या चार वळणांना कठडा नाही.

इंजिन चालूच ठेवून बाबा हात धुवायला गेले तेवढ्यात मी पट्टा सोडला, वरचा नट पाव फेरा पिळला, शीळ थांबली, पट्टा बांधला. चाचणी उत्तम झाली. बघायला आलेले दोघेतिघे म्हणाले, "मास्तरांचा कान म्हणजे कान!" मीही मान डोलावली.

घरी येऊन आईला सांगितलं. ती कांदा चिरत होती. "मला दोन वर्षांपासून माहीत आहे," ती म्हणाली. "उजवीकडून हाक मारली तर ढिम्म हलत नाहीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तूच बोल ना. त्या कानाशिवाय त्यांच्याकडे दुसरं काय आहे, तेही सांग." तिने कांदा कढईत टाकला.

रविवारी रांगेत आमच्या पुढे एकच गाडी उरली होती. दादा सीटचे पट्टे आवळून, कानात बोळे घालून बसलेला. मला वाटलं होतं, शुक्रवारी गाडी इतकी छान चालली तर आज हात लावणार नाहीत. पण रिवाज तो रिवाज. त्यांनी नट सैल केले, आवळले, इंजिन सुरू करायला लावलं, नळी उजव्या कानाला लावली. या वेळी मी कान देऊन होते. शीळ वाजत होती. त्यांनी मान डोलावली, बॉनेट लावलं, पट्टा बांधला आणि त्यावर हात ठेवून उभे राहिले. आता चोरून काही करायची सोय नव्हती.

"बाबा, तिसऱ्याचा वरचा नट," मी म्हणाले.

"काय?"

"वरचा नट! शीळ येतेय."

"कुठे येतेय? तू तुझी चाकं बघ."

पुढची गाडी सुटली. झेंडेवाल्याने आम्हाला पुढे यायची खूण केली. मी वाकून दादासमोरचं बटण बंद केलं. इंजिन थांबलं. शेजारच्या रांगेतली माणसं माना वळवून बघायला लागली. बाबांचा चेहरा लाल झाला.

"डोकं फिरलंय का तुझं? चार लोकांत?"

"नळी डाव्या कानाला लावा."

"का म्हणून?"

"लावा फक्त. मग चार लोकांत मला काय हवं ते बोला, मी ऐकून घेईन."

त्यांनी पट्टा सोडला तो मला खोटं पाडायला, हे मला कळत होतं. दादाने इंजिन सुरू केलं. झेंडेवाला घड्याळ दाखवत होता. बाबांनी नळी डाव्या कानाला लावली. पहिला ऐकला. दुसरा ऐकला. तिसऱ्याच्या सांध्याशी नळी गेली आणि तिथेच राहिली. मग त्यांनी ती उजव्या कानाला लावली. पुन्हा डाव्या. पुन्हा उजव्या. मी इतका वेळ रागावलेली होते, पण ते बघताना राग टिकला नाही. उगाच बोलले असं वाटलं, आणि न बोलून चाललं नसतं हेही माहीत होतं.

नळी डाव्या कानाला धरून त्यांनी पाना घेतला, वरचा नट हळूहळू पिळला, आणि शीळ थांबली तिथे हात थांबवला. अगदी बरोबर तिथेच. पट्टा बांधला. दादाच्या खांद्यावर थाप मारली. झेंडा पडला आणि गाडी सुटली.

पहिलं वळण, दुसरं वळण. गाडी दिसेनाशी झाली, पण आवाज स्वच्छ येत होता, सहाच्या सहा सिलिंडर एका लयीत. आम्ही दोघं कडेला उभे होतो. रांगेतल्या आमच्यामागच्या गाडीने अजून इंजिन सुरू केलं नव्हतं, त्यामुळे चांगलीच शांतता होती. बाबा माझ्याकडे झुकले, एखादी घरातली गोष्ट सांगावी तसे, आणि म्हणाले,

"पाच आणि सहा मीच जाळले. तुझी काही चूक नव्हती."

त्यांना वाटलं, कुजबुजलो. रांगेतले सगळे मागे वळले. झेंडेवाल्यानेसुद्धा बघितलं.

"हळू बोला, बाबा."

"हळूच बोलतोय की," ते तितक्याच मोठ्याने म्हणाले. "वर्षभर तुला उगाच बोललो. मास्तर म्हणे!"

हेच शब्द, असेच चार लोकांत, मला वर्षभर ऐकायचे होते. आणि आता त्यांनी गप्प बसावं म्हणून मी त्यांचा हात धरून ओढत होते.