एकशे चौऱ्याण्णव

१९९९ साली नाशिकच्या एका मेडिकल कॉलेजात नवी सायकल आली. कितीही पायडल मारा, जागची हलायची नाही. छातीला पट्टा बांधायचा, की हृदयाचे ठोके मिनिटाला किती पडताहेत त्याचा हा एवढा मोठा आकडा समोरच्या स्क्रीनवर यायचा. आकडा डोळ्यांसमोर असला तर माणूस लवकर थांबतो की उशिरा, यावर तिथल्या एका प्राध्यापक सरांचं संशोधन होतं. संशोधनाला माणसं लागतात, ती आवारातच सापडली. नव्या इमारतीवर पेठ तालुक्यातल्या मजुरांची टोळी कामाला होती. शिकल्यासवरल्या पोरांना कशाला दमवायचं!

संध्या तिथली टेक्निशियन. पट्टा बांधायचा, आकडे लिहायचे आणि मजूर 'बस' म्हणाला की सायकल थांबवायची, हे तिचं काम. आकडा कशाचा ते कुणाला सांगायचं नाही, असं सरांनी बजावलं होतं. सांगितलं तर निष्कर्ष बिघडतात म्हणे.

दुसऱ्याच दिवशी तिनं दाराबाहेरचं बोलणं ऐकलं.

"माझं एकशे साठ झालं."

"हॅ! माझं एकशे शहात्तर!"

आकडा म्हणजे अंगातली ताकद, असं टोळीनं ठरवून टाकलं होतं. मुकादम भिकन बाकावर बसून प्रत्येकाला आकडा विचारत होता. पुढच्या हंगामाला कुणाला आणायचं ते तोच ठरवणार होता. संध्याला आधी हसू आलं, मग धास्ती वाटली. पण तिची नोकरी कच्ची होती. तिनं पुढच्याला पट्टा बांधायला घेतला.

तिसऱ्या दिवशी गेणू आला. पंचेचाळिशीचा, खोकल्यानं खंगलेला. मागच्या महिन्यात दोनदा पाटी टाकून खाली बसला होता. त्याला आणि त्याच्या बायकोला, लंकाबाईला, पुढल्या साली आणणार नाही असं भिकननं तोंडावर सांगितलं होतं. पट्टा बांधून घेताना हे त्यानंच संध्याला सांगितलं.

"बाई, सगळ्यांत जास्त किती झालं?"

"एकशे शहात्तर. पण गेणूभाऊ, दम लागला की बस म्हणा हं."

"मुकादमानं सांगितल्याबिगर आमी नाय थांबत, बाई."

आठव्या मिनिटाला एकशे ऐंशी झाले. स्क्रीनकडे बघून गेणू हसला. संध्या पुढे वाकली.

"थांबायचं का?"

त्यानं मान हलवली, नाही. त्याचे ओठ काळेनिळे पडत होते. तिनं सरांकडे पाहिलं. सरांनी घड्याळावरची नजर न काढता, चालू दे, म्हणून बोटानं खुणावलं. बटण तिच्या हाताशी होतं. ते दाबायला कुणाची परवानगी लागत नव्हती, लागत होती ती थोडी हिंमत, आणि तीच तिच्याकडे नव्हती. एकशे चौऱ्याण्णव दिसले आणि गेणू हँडलवर कोसळला. मग तिनं बटण दाबलं.

अर्धा तास सगळे त्याची छाती दाबत राहिले, पण उपयोग झाला नाही. सरांनी कागदावर मरणाचं कारण 'छातीचा जुना विकार' असं लिहिलं आणि संध्याला सही करायला सांगितली. तिनं केली. तिला स्वतःची किळस आली.

लंकाबाई कामावरून तशीच, सिमेंट लागल्या हातांनी धावत आली. नवऱ्याच्या पायाशी बसली, त्याचे तळवे चोळत राहिली. मग तिनं वर पाहिलं.

"बाई, किती झालं व्हतं त्याचं?"

ती ताकद नव्हती, त्याचा जीव चालला होता, हे आता तरी सांगावं असं संध्याच्या मनात आलं. तिनं कागदावरचा आकडा पाहिला.

"एकशे चौऱ्याण्णव," ती म्हणाली. "सगळ्यांत जास्त."

लंकाबाईनं दारात उभ्या असलेल्या भिकनकडे मान वळवली.

"ऐकलं का, दादा? सगळ्यांत जास्त. आता मला तरी टोळीत घ्याल ना?"