कपाट कोणाच्या गळ्यात?

पस्तीस वर्षं कारखान्याचं गोदाम सांभाळलेल्या स्टोअरकीपरांना एकच धास्ती होती. आपण डोळे मिटले की तिन्ही मुलं वस्तूंवरून एकमेकांच्या उरावर बसणार! म्हणून त्यांनी दोन महिने खपून घरातल्या चीजवस्तूंची यादी केली. सागवानी कपाट थोरल्याला, आईचं शिवणयंत्र लेकीला, जेवणाचं टेबल धाकट्याला. शेवटच्या पानावर स्वतःची इच्छा. मग रविवारी सकाळी तिघांना बोलावून, चष्मा पुसून वाचायला बसले.

‘कपाट’ म्हणताच थोरला दचकला. “बाबा, आमच्या दारातून ते आत येणार नाही. हिला द्या.”

“मला कशाला?” लेक फणकारली. “शिवणयंत्रही नको हं. आता शिवतंय कोण?”

“टेबल घेतलं असतं,” धाकटा गोड हसला, “पण डुगडुगतं हो.” वीस वर्षं ते त्याच्याच कोपरांखाली डुगडुगत होतं.

भांडण जुंपलं, पण उलटं. ‘तू मोठा’, ‘तू लाडकी’, ‘तुझं घर ऐसपैस’... मायेची एवढी उधळण त्या घरात कधी झाली नव्हती.

स्टोअरकीपरांनी घसा खाकरून शेवटचं पान उघडलं. “मी बरा होणार नसेन, तर नळ्या लावून दवाखान्यात ठेवू नका. घरी आणा.”

“हो हो, ते बघू,” थोरला म्हणाला. “आधी कपाटाचं मिटवा.”

चहा न घेताच तिघं पांगले. स्टोअरकीपरांनी यादीची घडी घातली. मग संताप आला, आणि त्याने त्यांना बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी कपाट आणि यंत्र खालच्या मजल्यावरच्या शिंपीणबाईंकडे गेली.

“काका, फुकट नको. बदल्यात काय करू?”

“एक पान ऐका.”

बाईंनी इस्त्री बंद केली. नीट ऐकून म्हणाल्या, “घरी आणायचं, पण बघायला कोण? डॉक्टरांशी बोललात?”

पोटच्या पोरांना न सुचलेला प्रश्न! संध्याकाळी दोघं डॉक्टरांकडे गेले. बाईंनी साक्षीदार म्हणून सही केली, कागद फायलीत लागला, देखभालीच्या नर्सचा नंबरही मिळाला.

आठवड्याने थोरल्याचा फोन आला. “बाबा, घरातलं कपाट परक्या बाईला? आमच्या भावनांचं काय?”

“माझी इच्छा डॉक्टरांकडे लिहून ठेवलीय. जाऊन वाच.”



“त्यात आणखी कोणाकोणाला काय दिलंय?”

स्टोअरकीपर पोट धरून हसले आणि फोन ठेवून दिला.