बिनसाखरेच्या गोळ्या

सगळी हयात दातांच्या कवळ्या बनवण्यात घालवलेल्या माणसाच्या घरात गोळ्यांचा डबा कधी रिकामा नसतो, याची गल्लीभर थट्टा व्हायची. गल्लीत त्यांना कवळीवालेच म्हणत. डबा मात्र बायकोचा. रंगीत, चघळायच्या, बोटाने दाबल्या की पुन्हा फुगून येणाऱ्या जेलीच्या गोळ्या म्हणजे तिचा जीव की प्राण. इस्त्री करताना एक, फोनवर बोलताना एक, राग आला की दोन. “खा तू, माझा धंदा चालतो,” असं कवळीवाले म्हणायचे आणि आपल्याच विनोदावर पोटभर हसायचे.

मग तिच्या पायाच्या बोटाला नवा बूट चावला आणि जखम काही केल्या भरेना. रक्त तपासलं तर साखर बेसुमार वाढलेली. “पुढच्या तपासणीपर्यंत ही खाली आली नाही, तर बोट काढावं लागेल,” डॉक्टर म्हणाले, ते अशा सुरात की जणू शर्टाचं बटण काढायचं आहे. घरी आल्याबरोबर तिने डब्यातल्या सगळ्या गोळ्या समोरच्या घरात देऊन टाकल्या. कुणी सांगावंही लागलं नाही. पण संध्याकाळी इस्त्री करता करता तिचा हात सवयीने फळीकडे जायचा आणि रिकामाच परत यायचा. कवळीवाले ते रोज बघायचे.

“मी करतो तुझ्यासाठी. बिनसाखरेच्या,” ते एक दिवस म्हणाले.

“तुम्ही? तुम्हाला चहा करता येत नाही.”

“चहाला माप नसतं. याला आहे.”

आणि खरंच, काम त्यांच्या हातचंच होतं. मेण कोरायचं, साचा घ्यायचा, ओतायचं, बुडबुडा राहू द्यायचा नाही, थंड झालं की अलगद सोडवायचं. दुसरं काय केलं होतं त्यांनी इतकी वर्षं? दुकानातल्या गोळ्या असतात तशी त्यांनी मेणाची छोटी अस्वलं कोरली. पण हाताला दातांचीच सवय, त्यामुळे प्रत्येक अस्वल थेट दाढेसारखं दिसायला लागलं. रविवारी आलेली मुलगी म्हणाली, “बाबा, आईला दाढा खायला घालणार तुम्ही?” त्यावर सगळे हसले. जखमेनंतर घरात पहिल्यांदाच हसू आलं होतं, म्हणून त्यांनी साचे बदलले नाहीत.

पहिल्या खेपेला त्यांनी ताजं अननस घातलं. जेली घट्ट करणारं जिलेटिन गार पाण्यात फुगवलं, मंद आचेवर विरघळवलं, साच्यात ओतलं, फ्रिजमध्ये ठेवलं, आणि दुसऱ्या दिवशी साच्यात नुसतं पिवळं पाणी. ताजं अननस जिलेटिनला घट्ट धरू देत नाही हे त्यांना कुठून कळणार? दुसऱ्या खेपेला लिंबाचा रस आणि औषधाच्या दुकानातून आणलेली पांढरी भुकटी घातली. ती जिभेला गोड लागते, पण रक्तात तिची साखर होत नाही. गोळ्या धरल्या, चकचकीत दिसल्या. चार दिवसांनी मात्र त्या भुकटीचे खडे झाले, आणि चावल्यावर वाळू चावल्यासारखं वाटायला लागलं. वर तोंडात एक विचित्र गारवा.

बायकोने एक खाल्ली, कुरकुर आवाज करत चावली आणि म्हणाली, “चालेल.”

हा शब्द कवळीवाल्यांच्या वर्मी लागला. गिऱ्हाईक ‘चालेल’ म्हणालं की ती कवळी कपाटातल्या पेल्यात पडून राहते, हा त्यांचा अनुभव. गिऱ्हाईक काय बोलतं इकडे ते कधी लक्षच द्यायचे नाहीत. ते तोंड बघायचे. तोंड खुललं तरच काम हातातून सोडायचं, नाहीतर परत घासायला घ्यायचं. बायकोचं तोंड खुललं नव्हतं.

तेव्हा त्यांनी डोकं चालवलं. भुकटी अगदी कमी केली आणि सफरचंदांचा रस काढून, पातेलंभर रस आटवून आटवून वाटीभर केला. मधासारखा दाट, सोनेरी. सफरचंद खायला तर डॉक्टरच सांगतात, आणि साखरेचा एक दाणाही घातलेला नाही. या खेपेच्या गोळ्या अशा जमल्या की त्यांनी स्वतःचीच पाठ थोपटली. बायकोने एक तोंडात टाकली. तिचे डोळे मिटले, गाल वर आले, आणि ती इतकी गोड हसली की म्हाताऱ्याला लग्नाचे दिवस आठवले.

“काय घातलंत हो?”

“कारागिरी,” ते म्हणाले, आणि पुढे चकार शब्द बोलले नाहीत.

त्यानंतर डबा पुन्हा भरलेला राहू लागला. डब्यात साखर नाही, या भरवशावर पुढच्या तपासणीला दोघं निर्धास्त गेली. रिपोर्ट बघून डॉक्टरांच्या कपाळाला आठ्या पडल्या. साखर उतरायची सोडून चढली होती. दार उघडंच होतं, बाहेर माणसं बसली होती, आणि डॉक्टर मोठ्याने म्हणाले, “काकू, औषधं तुम्ही घेता, पण चोरून काय खाता ते सांगा. बोट तुमचं आहे, माझं नाही. शेवटची संधी देतो.”

“मी काही खात नाही हो,” ती म्हणाली. डॉक्टरांनी नवऱ्याकडे पाहिलं. आणि कवळीवाले, ज्यांनी त्या क्षणी बायकोच्या बाजूने बोलायला हवं होतं, ते मूग गिळून बसले.

घरी आल्यावर ते बोलले, ते बोलले नसते तर बरं झालं असतं. “खरं सांग, कुठे ठेवतेस?” तिने सांगितलं, काही नाही. त्यांनी कपाट उघडलं, उशीखाली हात घातला, तिची पर्स पलंगावर झाडली. एक रुमाल, चष्म्याचं घर आणि किल्ल्या पडल्या. ती दारात उभी राहून बघत होती. मुलीला फोन गेला, तिनेही आईलाच समजावलं, “आई, आमच्यासाठी तरी जीभ आवर गं.”

त्या दिवसापासून तिने वाद घालणं सोडलं आणि जेवण अर्ध्यावर आणलं. दुधाचा चहा बंद केला, भात बंद केला, फळाची फोडही नको म्हणायची. भूक लागली की मात्र डब्यातली गोळी उचलायची. ती एकच वस्तू अशी होती, की जिच्याबद्दल तिच्याकडे कुणी बोट दाखवणार नव्हतं. डबा लवकर रिकामा व्हायचा आणि कवळीवाले पुन्हा भरून ठेवायचे. आपण रागावलो तरी बायकोची हौस मोडू देत नाही, याचं त्यांना कौतुकच वाटायचं. स्वतःचं, अर्थात.

पट्टी बदलायला दोघं दवाखान्यात गेली, तेव्हा ती आत होती आणि बाहेर आहाराचा सल्ला देणाऱ्या बाईंनी त्यांना गाठलं. दिवसभरात काय काय खाणं होतं, हे त्या विचारत होत्या. कवळीवाल्यांनी सगळं सांगितलं, आणि शेवटी छाती पुढे काढून गोळ्यांची कृतीही सांगितली.

बाईंची मान वर झाली. “पातेलंभर रस आटवून वाटीभर?”

“हो. साखर अजिबात नाही.”

“काका, पाणी उडून गेलं. मग वाटीत राहिलं काय?”

उत्तर त्यांना लगेच कळलं: सफरचंदांतली सगळी साखर. वितळून काय जातं आणि साच्यात काय उरतं, हे बघण्यातच त्यांचा जन्म गेला होता.

“किती खातात काकू रोज?” बाईंनी विचारलं. कवळीवाल्यांना लवकर लवकर रिकामा होणारा डबा आठवला.

रिक्षात बायको शेजारी पाय लांब करून बसली होती आणि कवळीवाल्यांच्या मनात एक अत्यंत सोयीचा विचार आला. उद्यापासून रस बंद करायचा. साखर आपोआप उतरेल, बोट वाचेल. सगळे म्हणतील, बघा, शेवटी काकूंनी मनावर घेतलं. कुणाचंच काही जाणार नाही. विचार इतका चोख होता, की घर येईपर्यंत तो जवळजवळ पक्काच झाला.

घरी येऊन ती खुर्चीत टेकली आणि हळूच म्हणाली, “अहो, मला एक विचारायचंय. माणूस झोपेत उठून खातं का हो? मी खूप आठवून पाहते. मला काही आठवत नाही. पण तुम्ही सगळे म्हणता, तर खात असेन.”

कवळीवाल्यांना रडूच फुटलं. अख्ख्या संसारात तिने त्यांना रडताना पाहिलं नव्हतं, त्यामुळे तीच घाबरली. ते तिच्या पायाशी जमिनीवर बसले आणि सफरचंदं, पातेलं, वाटी, सगळं सांगून टाकलं. “तू काही खाल्लं नाहीस गं. मीच खाऊ घातलं. आणि वर तुझी पर्स झाडली.”

तिने पायाच्या पट्टीकडे पाहिलं. मग म्हणाली, “म्हणजे मी खोटी नव्हते.” बोटाचं नावही तिने घेतलं नाही.

“मुलीला फोन लावा,” ती म्हणाली. त्यांनी लावला, सांगितलं. पलीकडून मुलगी रडू लागली, तरी हिने फोन हातात घेतला नाही. “आता डॉक्टर. मला त्यांनी चारचौघांत सुनावलं. तुम्हीही चारचौघांतच सांगा.”

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात बाकं भरलेली होती. नाव पुकारल्यावर कवळीवाले आत गेले नाहीत. उंबऱ्यातच उभे राहिले आणि बाहेरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, “डॉक्टरसाहेब, हिने काही चोरून खाल्लं नव्हतं. ती खरं सांगत होती. मी साखर करून तिला भरवली आणि तिच्यावरच चोरीचा आळ घेतला.” बाकावरची माणसं खाली बघू लागली. डॉक्टर उठून बाहेर आले आणि म्हणाले, “काकू, मी चुकलो.”

जखम उघडून बघायला त्यांना बराच वेळ लागला. बोट वाचेलच असं ते म्हणाले नाहीत. एवढंच म्हणाले, की आता कारण कळलंय, तर कापायची घाई करू नये, थोडे दिवस बघू.

बाहेर येऊन तिने चपला शोधल्या. पर्स झाडली त्या दिवसापासून ती भिंतीला धरून चपला घालायची, नवऱ्याने पुढे केलेला हात तिला दिसतच नसे. आज भिंत जवळच होती. तिने एकदा भिंतीकडे पाहिलं, मग कवळीवाल्यांच्या खांद्यावर सगळा भार टाकला आणि दुखरा पाय उचलला.