जिन्याची पाटी

"शनिवारी माझ्या दारावरची पाटी तुझ्या दारावर आली नाही, तर दार वाजव गं पोरी," ग्लासगोतल्या माझ्या शेजारच्या इशबेलबाईंनी बजावलं होतं. पाटी ज्याच्या दारावर, त्याने त्या आठवड्यात जिना पुसायचा. मी हसण्यावारी नेलं. आमच्या ओहायोत फोन केल्याशिवाय कुणी कुणाचं दार वाजवत नाही.

एका शनिवारी पाटी आलीच नाही. तान्हं बाळ घेऊन पुसायची पाळी टळली म्हणून मी खूश. सोमवारी मात्र दार वाजवलं. आतून क्षीण आवाज आला, "अमेरिकेहून चालत आलीस काय गं?" खुबा मोडून त्या दोन दिवस फरशीवर पडून होत्या.

आता त्या घरी परतल्यात, एकट्याच. मी महिनाभर ओहायोत आहे आणि कालपासून त्या फोन उचलत नाहीत. तुम्ही ग्लासगोत डेनिस्टनच्या आसपास असाल, तर त्यांना एकदा बघून याल का?