सूतभर जास्त

शिंप्याने आपलं मुकाट कपडे शिवावेत की नाही? पण नाही! हा इंजिन उघडून बसला होता.

हौस नव्हती हो, गळ्याशी आलं होतं म्हणून. त्याचा थोरला भाऊ जहाजावर नोकरीला. वर्षापूर्वी निघताना त्याने मोटारसायकलची किल्ली याच्या हातात ठेवली, "हवी तेवढी चालव, पण नीट सांभाळ." आणि परवा वळणावर गाडी घसरली, दगडावर आपटली आणि इंजिनाचं उजवं झाकण तडकलं. तेल भळाभळा वाहिलं. बायकोला त्याने सांगितलं, गाडी स्टँडवरून कलंडली. आज चार वाजता दादा येणार होता. जन्मात पहिल्यांदा दादाने आपल्यावर काही सोपवलं आणि आपण त्याचे असे धिंडवडे काढले, हे दादाला कळता कामा नये, एवढंच त्याच्या डोक्यात होतं.

नवं झाकण मिळालं, पण तेल गळू नये म्हणून त्याखाली बसणारं कागदी गॅस्केट दुकानात नव्हतं. दुकानदाराने जाड कागदाचा ताव दिला. "जुनं वर ठेवून आखा आणि कापा. फक्त ते बारकं भोक विसरू नका. तेल तिथूनच जातं. ते बुजलं की इंजिन जाम झालंच म्हणून समजा."

"मला कापायला शिकवतोय!" शिंपी घरी येऊन फणकारला.

सकाळपासून तो घरामागे एक पाय लांब करून बसला होता. घमेल्यात तेल काढलं. बोल्ट ओळीने पुठ्ठ्यात खोचले. जुनं गॅस्केट ब्लेडने खरवडलं, त्याचे तुकडे तावावर जुळवले, खडूने आखलं. मध्येच उठून फाटकापर्यंत जायचा, परत यायचा.

"किती वाजले गं?"

"मघाशी विचारलंत, त्याला चार मिनिटं झाली," बायको म्हणाली. "दादाच येणार आहेत ना, की पोलीस?"

चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय! त्याने कात्री चालवली. बोल्ट काही केल्या भोकांत जाईनात, तर शिव्या घालत दामटून घातले. बाहेर आलेली कड छाटली, तेल भरलं, गाडी पुसली. पावणेचार. हुश्श!

दादा आला, गळ्यात पडला आणि हात धुवायच्या आधीच गाडीकडे वळला. "वा! चकचकीत ठेवलीयस की!"

बायको पसारा आवरत होती. जुने तुकडे उचलता उचलता थांबली. "अहो, याला हे बारकं भोक आहे. तुमच्या कातरणांत तेवढी टिकली कुठे दिसत नाही."

शिंप्याने तुकडा हिसकावून पाहिला. वीस वर्षांची सवय! रेघेवर कापायचंच नाही, शिलाईसाठी सूतभर जास्त ठेवायचं. हाताने प्रत्येक रेघेशी तेच केलं होतं, भोकांशीसुद्धा. मोठी भोकं आकसली, बारकं तर मुळी उरलंच नाही. बोल्टांनी कागद फाडून वाट काढली. तेल बिचारं काय फाडणार?

दादाने किकवर पाय ठेवला.

"दादा, थांब! मारू नकोस किक!"

एका दमात त्याने सगळं ओकलं. वळण, दगड, झाकण, कागद, भोक. दादा खाली उतरला. झाकणाकडे त्याने एकदा पाहिलं.

"म्हणजे तू पडलास?"

"परवा."

दादा जवळ आला. त्याचे दोन्ही हात धरून उलटेसुलटे केले, हनुवटी धरून तोंड उजेडाकडे वळवलं.

"लागलं कुठे?"

गाडी कशी पडली, कुठे पडली, वेग किती होता, सगळ्याची उत्तरं शिंप्याने दोन दिवस घोकली होती. हा प्रश्न त्याने धरलाच नव्हता. त्याला रडू आलं, आणि रडू आल्याचा भयंकर रागही आला.

"गुडघा," तो म्हणाला. "टम्म सुजलाय रे दादा. सकाळपासून वाकवत नाहीये."