लॅमिनेट केलेली चिठ्ठी

व्हिसाची खिडकी दुपारी बंद झाली की त्या दिवशी पुन्हा उघडत नाही, आणि आमच्या पुढचं कुटुंब काही केल्या हलत नव्हतं. या देशात राहायची आमची मुदत उद्या संपत होती. व्हिसा मिळाला तर सीमेपलीकडे दादाकडे, नाही तर गुमान विमानाने घरी.

दादाने आपल्या मनाने लग्न केलं आणि तो तिथलाच नागरिक झाला, तेव्हापासून बाबांनी त्याच्याशी बोलणं टाकलं होतं. आई गेल्यावर एकदा स्वतःच म्हणाले, तुझ्या त्या भटकंतीत मलाही ने, शेवटी त्याच्याकडे जाऊ. त्याला मात्र कळवू नकोस. म्हणून साठी उलटलेला हा माणूस पाठीवर सॅक टाकून महिनाभर माझ्याबरोबर परक्यांनी भरलेल्या खोल्यांत झोपला. कुरकुर एकदाच केली, तीही चहावरून.

खिडकीतल्या बाईंनी माझी प्रवेशाची चिठ्ठी, म्हणजे या देशात शिरताना नाक्यावर मिळालेला कागदाचा चिटोरा, उलटी करून मागे व्हिसाचा शिक्का मारला. माझं झालं. मग बाबांनी आपली चिठ्ठी ऐटीत सरकवली. ती चकाकत होती.

"काल तू कपडे धुवायला गेलीस ना, तेव्हा लॅमिनेट करून आणली," ते हळूच म्हणाले. "किती नाजूक कागद होता."

आमच्या घरी जन्मदाखल्यापासून माझ्या पहिलीच्या प्रगतिपुस्तकापर्यंत सगळं प्लॅस्टिकमध्ये आहे. अगदी मिक्सरचं गॅरंटीकार्डसुद्धा.

बाईंनी प्लॅस्टिकवर शिक्का मारला आणि अंगठ्याने पुसून दाखवला. असा कागद चालत नाही. नवा हवा तर जिथून आलात त्या नाक्यावर जा, म्हणाल्या. तो नाका देशाच्या दुसऱ्या टोकाला. मी हातापाया पडायचीच बाकी होते. बाबा नखांनी कडा सोलायला लागले. प्लॅस्टिक निघालं, त्याबरोबर अक्षरंही निघाली. बाईंनी पडदा ओढला.

बाहेर पायरीवर बाबांनी सॅकमधून आईची शाल काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"सुनेला दे. तू जा. मी घरी जातो."

"आणि दादाला काय सांगू?"

"काही नको. मी आलो होतो हे तरी कशाला कळायला हवं?"

माझं डोकंच फिरलं. दादाला फोन लावला आणि त्यांच्या हातात कोंबला. त्यांनी तो कानाला धरला. पलीकडून दादा "काय गं, बोल की" करत होता.

"मी आहे," बाबा शेवटी म्हणाले. "तुझ्याकडेच निघालो होतो. व्हिसा नाही मिळाला."

पलीकडून दादाचा आवाज मलाही ऐकू आला.

"बाबा, कागद लॅमिनेट केलात ना?"

बाबांनी "हो" म्हटलं आणि माझ्यासमोर, भर रस्त्यात, रडले. आईच्या वेळीही रडले नव्हते. दादा सांगत होता की तिथेच थांबा, मला तिकडे यायला व्हिसा लागत नाही, आत्ता गाडी काढतो.

"एकटा येऊ नकोस," बाबा म्हणाले. "तिलाही आण. आणि उद्याच्या आत पोहोच, माझी मुदत संपते."