मला कोट नको होता

मी सात वर्षांची, खरखरीत पायांची, तांबूस कोंबडी आहे. मला म्हातारी म्हटलेलं चालेल, बिचारी म्हटलेलं चालणार नाही. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकायची असेल तर एवढं आधी मान्य करा.

मी पिल्लू असताना एका शिंप्याच्या लेकीने मला उचललं. टोपलीत आम्ही वीसजणं एकमेकांच्या अंगाखाली शिरून बसलो होतो. लेक विकणाऱ्याला म्हणाली, "एकच द्या. एकच नीट सांभाळीन." तिचा हेतू चांगला होता, ते मी नाकारत नाही. पण त्या दिवसापासून दुकानावरच्या दोन खोल्यांत मी एकटी पडले.

लाड मात्र खूप झाले. फरशी घाण होऊ नये म्हणून शिंपीदादांनी मला बटणाचा लंगोट शिवला. कपडे शिवायला टाकणारी माणसं वर डोकावून जायची आणि "काय गुणाची आहे हो" म्हणायची. मी कसली गुणाची? तिथे उकरायला माती नव्हती की भांडायला कोणी नव्हतं, म्हणून गप्प बसत होते.

मग लेक कॉलेजला जाऊ लागली. सकाळी दार बंद झालं की संध्याकाळपर्यंत मी आणि भिंतीवरचं घड्याळ. मी ओरड ओरड ओरडायचे. खालून फक्त मशीनचा आवाज यायचा. शिंपीदादांना दया आली आणि त्यांनी दुकानातला उभा आरसा वर आणून ठेवला. "घे, तुला मैत्रीण आणली," म्हणाले. मित्रांनो, त्या मैत्रिणीला वास नव्हता, ऊब नव्हती, आणि मी जिथे चोच मारीन तिथेच तीही मारायची. दोन दिवसांत मी तिचा नाद सोडला.

त्यानंतर मी स्वतःचीच पिसं उपटायला लागले. छाती उघडी पडली. तर शिंपीदादांनी काय करावं? मऊ कापडाचा, अस्तर लावलेला कोट शिवून मला घातला. जखम मांडीला, मलम शेंडीला. कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही, असं माणसंच एकमेकांना सांगतात, आणि इथे साक्षात कोंबडीच झाकून मोकळे झाले.

मला संताप आला. मी दाणे सोडले. लेकीने तळहातावर धरून दिले तरी मान फिरवली. तिसऱ्या दिवशी मला उभंही राहता येईना, तेव्हा बापलेक मला घेऊन जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे धावले.

बाईंनी कोटाची बटणं सोडली आणि मला नीट तपासलं. "शिवण सुरेख आहे," त्या म्हणाल्या. "पण आजार काही सापडत नाही. ही एकटी आहे."

"एकटी कशी? आम्ही आहोत की घरात," शिंपीदादा म्हणाले.

"संध्याकाळी तिच्याशेजारी दांडीवर बसता का?"

लेक खाली बघत म्हणाली, "बाबा, मीच एक मागितली होती."

"एकीनेच नाकीनऊ आणलेत," असं वाटभर पुटपुटत शिंपीदादा घरी आले. पण दुसऱ्याच दिवशी त्यांनी मागच्या अंगणातलं भंगार हलवलं आणि जाळीचं खुराडं उभं केलं. दोघी आल्या. एक काळी, एक ठिपक्यांची.

तुम्हाला वाटेल, मी आनंदाने त्यांच्या गळ्यात पडले. छे. पहिल्याच तासाला दोघींना टोचून काढलं. लेक रडकुंडीला आली. पण मला ते भांडणच हवं होतं. आधी कोणी खायचं, कोणी कुठे बसायचं, हे आम्ही कोंबड्या अशाच ठरवतो. चार दिवस लागले. पाचव्या संध्याकाळी दांडीवर काळी एकीकडून सरकली, ठिपकी दुसरीकडून. आता माझ्या छातीवर नवी पिसं आली आहेत.

लेक अजून येते. पायरीवर बसून मांडी थोपटते, हाक मारते. मी मान वर करून बघते आणि परत माती उकरायला लागते. परवा ती म्हणाली, "बाबा, ही आता माझ्याकडे येतच नाही." मला वाईट वाटलं, पण मी गेले नाही.

मित्रांनो, कोंबडी पाळायची तर दोन-तीन आणा, नाहीतर आणूच नका. आणि त्या तुम्हाला विसरून आपापसांत रमल्या, तर रुसू नका. पायरीवर बसून नुसतं बघायला शिका. आमची लेक शिकते आहे. ती रोज येते.